देह नकलेचा, चाल अस्सल

अस्सल वस्तू आणि तिची प्रतिकृती यांतील भेद पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. एखाद्या कसबी मूर्तिकाराने जुन्या मूर्तीवरून दुसरी मूर्ती घडवली आणि ती देव्हाऱ्यात ठेवली, तर पूजा करणाऱ्याच्या भावनेत काही उणे पडत नाही. मूर्तीला जागचे हलावयाचे नसते. परंतु ज्या वस्तूला धावावयाचे असते, तिच्या प्रतिकृतीची कसोटी निराळी. मोटारगाडी ही अशी वस्तू होय. तिचा बाह्याकार साच्यातून काढता येतो. तिची चाल मात्र कोणत्याही साच्यातून निघत नाही. ती प्रत्येक गाडीत नव्याने घडवावी लागते आणि घडवल्यावर जपावी लागते. इंग्लंड-अमेरिकेतील हजारो हौशी माणसे आपापल्या घरच्या गॅरेजात हे काम वर्षानुवर्षे करीत आली आहेत. त्यांच्या अनुभवात, कोणत्याही यंत्राची निगा राखणाऱ्यास उपयोगी पडेल असे पुष्कळ काही आहे.

ज्या गाड्यांच्या प्रतिकृती विपुल निघाल्या, त्यांत ए. सी. कोब्रा ही अग्रगण्य. लंडनजवळच्या टेम्स डिटन येथील ए. सी. कार्स या जुन्या कंपनीने १९५३ मध्ये ‘एस’ नावाची दोन आसनांची उघडी, हलकी गाडी काढली. पोलादी नळ्यांची चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आत दोन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, असा तिचा साधा संसार होता. पुढे तिच्यासाठी घेतल्या जाणाऱ्या ब्रिस्टल इंजिनाचा पुरवठा खुंटू लागला. त्याच सुमारास, म्हणजे १९६१ मध्ये, टेक्ससच्या कॅरोल शेल्बी यांनी या कंपनीशी पत्रव्यवहार केला. शेल्बी हे नामांकित शर्यतपटू. १९५९ ची ल मांची चोवीस तासांची शर्यत त्यांनी रॉय साल्वाडोरी यांच्या जोडीने जिंकली होती; हृदयविकारामुळे त्यांना पुढे शर्यती सोडाव्या लागल्या. इंग्रजांच्या हलक्या गाडीत अमेरिकेचे आठ सिलिंडरांचे फोर्ड इंजिन बसवावे, ही त्यांची कल्पना. १९६२ मध्ये ती प्रत्यक्षात उतरली. आरंभी ४.२ लिटरचे, मग ४.७ लिटरचे आणि १९६५ मध्ये रुंद केलेल्या चौकटीत ७ लिटरचे इंजिन आले. अशा गाड्या एकंदर सुमारे एक हजार निघाल्या आणि १९६० चे दशक सरता सरता त्यांचे उत्पादन थांबले. त्यांपैकी पहिली गाडी २०१६ मध्ये लिलावात एक कोटी साडेसदतीस लाख डॉलरांना विकली गेली.

अर्थात् ही किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हे. परंतु हौसेला किंमत थोडीच अडवू शकते! काचतंतूंचा साचेबंद देह, चौकोनी पोलादी नळ्यांची चौकट आणि भंगारात निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग यांतून कोब्राच्या प्रतिकृती उभ्या राहू लागल्या. आज मूळ गाड्यांच्या कितीतरी पट प्रतिकृती रस्त्यांवर आहेत. यांतील एखादी गाडी उघडून पाहिली, तर आत मोठे गमतीचे संमेलन भरलेले दिसते. इंजिन अमेरिकन फोर्डचे, किंवा मूळच्या ब्यूक इंजिनापासून निघालेले ब्रिटिश रोव्हरचे. गिअरबॉक्स मस्टँग गाडीतला. मागील डिफरन्शियल आणि चाकांचे धुरे जॅग्वारच्या एखाद्या ऐसपैस घरगुती गाडीतले. यांतला प्रत्येक भाग आपापल्या घरी कसाला उतरलेला असतो; परंतु हे सारे एकत्र नांदतील की नाही, याची परीक्षा कोणीही घेतलेली नसते. कारखान्यात दोन भागांमधील सांध्यांचा विचार करण्यास तज्ज्ञ अभियंते बसलेले असतात. प्रतिकृतीत तो अभियंता म्हणजे खुद्द मालक. म्हणून प्रतिकृतीचे दोष सहसा भागांत सापडत नाहीत. ते सापडतात सांध्यांत.

पहिला सांधा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील, त्यावर क्लच आणि दोहोंना झाकणारे घंटेच्या आकाराचे ओतीव कवच असते. या कवचाच्या मागील छिद्रात गिअरबॉक्स बसतो. छिद्राचा मध्य आणि क्रँकशाफ्टचा मध्य एका रेषेत असला पाहिजे. हे तपासण्यासाठी फ्लायव्हीलवर डायल गेज बसवतात आणि क्रँकशाफ्ट हाताने सावकाश फिरवतात. छिद्राच्या कडेवरून फिरताना गेजचा काटा मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा हलला तर चालून जाते. त्याहून पुष्कळ अधिक हलला, तर गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग आणि क्लचची तबकडी अकाली झिजते आणि गिअर बदलताना अडखळ जाणवते. वाकड्या मध्याच्या खुंट्या बसवून हा दोष काढता येतो. काम अर्ध्या दिवसाचे. पण गिअरबॉक्स एकदा बसल्यावर ते करावयाचे, तर पुन्हा सारे उतरवावे लागते. त्यामुळे घाईत नेमके हेच काम राहून जाते.

दुसरी फसगत फ्लायव्हीलची. फोर्डच्या या लहान आठ सिलिंडरी इंजिनात क्रँकशाफ्टचा तोल सर्वस्वी त्याच्या स्वतःच्या वजनांनी साधलेला नसतो. त्यातला काही भार पुढच्या कप्पीवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर हेतुतः एका अंगास ठेवलेला असतो. ३०२ घन इंची इंजिनात १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत हा भार २८ औंस-इंच असे. पुढे तो ५० औंस-इंच झाला. दोन्ही फ्लायव्हील दिसावयास जुळ्या भावांसारखी, बोल्टांची छिद्रेही तीच. जुन्या इंजिनाला नवे फ्लायव्हील सहज बसते. आणि मग फेरे वाढू लागताच साऱ्या गाडीला थरथर सुटते. मालक बिचारा चाकांचा तोल करून घेतो, टायर बदलतो, इंजिनाखालचे रबर बदलतो. दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. जुळे दिसणारे भाग जुळणारे असतातच असे नाही, हा प्रतिकृतीच्या शाळेतला पहिला धडा होय.

गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट हा तिसरा आणि सर्वांत नाजूक विषय. त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. गॅरेजातील मिस्त्री त्यालाच ‘क्रॉस’ म्हणतात. सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नावाने ओळखला जाणारा हा सांधा वाकड्या रेषेतही शक्ती पुढे नेतो. परंतु तो एक खोडी करतो. सांधा कोनात असला, की एका बाजूची गती एकसारखी असूनही दुसऱ्या बाजूची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. कोन दहा अंशांचा असेल तर हा चढउतार दीड टक्क्याच्या घरात जातो. त्यावर उपाय असा, की दुसऱ्या टोकाच्या सांध्याचाही कोन तेवढाच ठेवावयाचा आणि दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत बसवावयाचे. म्हणजे पहिला सांधा जी चूक करतो, ती दुसरा भरून काढतो. कोन मुळीच नसावा असेही नव्हे. कोन शून्य असला तर क्रॉसमधील सुयांसारखी बारीक बेअरिंगे जागची फिरत नाहीत. एकाच ठिकाणी भार सोसून ती खोबणी पाडतात. अर्धा-एक अंश कोन हवाच.

कोब्राच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कठोर होतो, कारण गाडी आखूड, इंजिन मागे सरकवलेले आणि म्हणून शाफ्ट अगदी तोकडा. साध्या गाडीत दीड मीटर लांबीच्या शाफ्टचे एक टोक पाच मिलिमीटर सरकले, तर कोनात पाव अंशाचाही फरक पडत नाही. तेच तीनशे मिलिमीटरच्या शाफ्टात पाच मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश! गिअरबॉक्सखालचे रबर वयाने दबले, एवढ्यानेच सारा मेळ बिघडू शकतो. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असता सरळ गिअरमध्ये शाफ्ट सेकंदाला पन्नास वेळा फिरतो. म्हणजे हे धक्के सेकंदाला शंभर होतात. ठरावीक वेगाला आसनाखालून उठणारा आणि वेग बदलताच विरणारा घुमारा ऐकू आला, तर आधी कोन मोजावेत. डिजिटल कोनमापक आज स्वस्तात मिळतो. गाडी चाकांवर उभी असताना, आसनांवर माणसांएवढे वजन ठेवून, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियल यांचे तीन कोन घ्यावेत आणि वहीत लिहून ठेवावेत.

हे मोजमाप निव्वळ सुखासाठी नव्हे. दोन आसनांच्या मधोमध, चालवणाऱ्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर, हा शाफ्ट फिरत असतो. त्याचा सांधा तुटला, तर मोकळे झालेले पोलादी टोक त्याच वेगाने झोडपू लागते. आणि काचतंतूंची पातळ भिंत त्याला अडवू शकत नाही. म्हणून शाफ्टभोवती पोलादी कडे बसवावे लागते. नाक्यावर उभे राहून गाडीचे कौतुक करणाऱ्याला हे कडे कधीच दिसत नाही. तरीही साऱ्या गाडीत एकच वस्तू निवडून नीट बसवावयाची म्हटले, तर ती हीच.

मागचे डिफरन्शियल जॅग्वारचे असेल, तर त्याचीही काही वैशिष्ट्ये आहेत. त्या जुन्या रचनेत मागचे ब्रेक चाकांपाशी नसून डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांस चिकटून असतात. सतत ब्रेक लावल्याने तेथील उष्णता ऑइल सीलपर्यंत पोहोचते, रबर कडक होते आणि तेल झिरपून ब्रेकच्या तबकडीवर येते. म्हणजे तेलगळतीचा दोष पुढे ब्रेकचा दोष होऊन बसतो. शिवाय या रचनेत चाकांकडे जाणारे अर्धे शाफ्ट शक्ती तर नेतातच, पण चाक उभे धरून ठेवणाऱ्या वरच्या दांडीचेही काम करतात. त्यांचे क्रॉस सैल झाले, तर वळणावर चाकच कलते. तेव्हा ग्रीस भरण्याचा कंटाळा येथे केवळ आवाजावर भागत नाही. तेलाबाबतही अंदाज चालत नाही. मस्टँगमधून आलेल्या पाच गिअरच्या टी-५ गिअरबॉक्सच्या पुढील काळातल्या बनावटीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल लागते. ‘दाट तेल म्हणजे अधिक संरक्षण’ या समजुतीने जाड तेल ओतले, तर गिअर जड पडू लागतात. उलट डिफरन्शियलला जाडच तेल हवे. आणि त्यात घसरण रोखणारे क्लच असतील, तर त्यांच्यासाठीचे खास मिश्रणही हवे.

आता एक्झॉस्टकडे वळावयास हरकत नाही. कोब्राच्या दोन्ही कुशींतून निघणारे जाड नळ ही तिची ओळख, आणि त्यांतून उमटणारा खळाळता, घोगरा नाद हे तिचे वैभव. हा नाद कोठून येतो? आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत असतात. उजव्या रांगेत एक ते चार, डाव्या रांगेत पाच ते आठ. जुन्या फोर्ड इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम एक, पाच, चार, दोन, सहा, तीन, सात, आठ असा आहे. क्रँकशाफ्ट दर नव्वद अंश फिरला, की एक स्फोट. एकंदर इंजिनाचा ताल अगदी समसमान. परंतु एकाच रांगेकडे कान दिला तर तो समान राहत नाही. उजव्या रांगेतील स्फोटांमध्ये १८०, ९०, १८० आणि २७० अंशांची अंतरे पडतात; डाव्या रांगेत २७०, १८०, ९० आणि १८०. कोब्रात प्रत्येक रांगेचा नळ स्वतंत्र असल्याने ही लंगडी लय जशीच्या तशी बाहेर येते. तबल्याच्या समान ठेक्यात एखादी मात्रा लवकर आणि एखादी उशिरा यावी, तसा तो प्रकार. नव्वद अंशांनी पाठोपाठ येणारे दोन स्फोट एकमेकांच्या वाटेत येतात, म्हणून शक्तीच्या दृष्टीने हा दोषच. फोर्डच्या जी. टी. ४० या शर्यतीच्या गाडीत दोन रांगांचे नळ एकमेकांत ओलांडून अशा रीतीने जोडले होते, की प्रत्येक मुख्य नळीत समान अंतराने धूर यावा. नागांच्या वेटोळ्यासारख्या दिसणाऱ्या त्या नळ्यांनी शक्ती वाढली. पण कोब्राचा तो खळाळ मात्र त्यांत उरला नाही. लोकांना ज्या नादाची मोहिनी पडते, तो खरे पाहता एका अपूर्णतेचा नाद आहे!

नळीची लांबी आणि जाडी यांनाही अर्थ आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून निघते. तप्त वायूत तिचा वेग सेकंदाला सुमारे पाचशे मीटर धरता येईल. चार नळ्या जेथे एकत्र येतात, त्या ठिकाणी ती आदळून उलट फिरते. आणि परतताना दाबाऐवजी ओढ घेऊन येते. ही ओढ नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली, तर उरलासुरला धूर ती बाहेर खेचते आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास वाट देते. नळी एक मीटरची असेल, तर जाऊन-येऊन सेकंदाचे चार सहस्रांश लागतात. तेवढ्या अवधीत मिनिटास तीन हजार फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट ७२ अंश फिरतो आणि सहा हजारांवर १४४ अंश. म्हणून कोणतीही एक नळी साऱ्या वेगांना सारखी अनुकूल असू शकत नाही. गावातल्या रस्त्यावर दोन-तीन हजार फेऱ्यांवर हिंडणाऱ्या गाडीला शर्यतीच्या जाड नळ्या बसवल्या, तर वायूंची गती मंदावते आणि गाडी खालच्या वेगात निर्जीव होते. आवाज मोठा झाल्याने मालकाला मात्र ती अधिक जोरकस झाल्याचा भास होतो. आवाज म्हणजे शक्ती नव्हे, हे घड्याळ लावून पाहिल्याशिवाय पटत नाही.

एक्झॉस्टच्या निगेत पहिले काम गळती शोधण्याचे. इंजिन गार असताना सुरू करून प्रत्येक जोडापाशी कान द्यावा. ‘टिक्-टिक्’ असा आवाज येऊन गरम झाल्यावर तो मिटला, तर डोक्यापाशीचे गॅस्केट सैल आहे असे समजावे. लोखंड तापून फुगते आणि तात्पुरती फट बुजते, एवढेच. नवे गॅस्केट बसवल्यानंतर पहिल्या काही फेऱ्यांनी बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. आठ सिलिंडरी इंजिन जोर लावताना आपल्या रबरांवर एका कुशीस कलते. त्याच्याशी घट्ट जखडलेला कुशीचा नळ चौकटीलाही घट्टच बांधला, तर कोठेतरी तडा जाणारच. म्हणून नळाचे मागचे टोक रबरावर झुलते ठेवतात. आवाज शोषण्यासाठी नळात छिद्रांची आतली नळी आणि तिच्याभोवती काचलोकर भरलेली असते. धुराच्या झोतात ही लोकर वर्षागणिक उडून जाते. गाडीचा आवाज हळूहळू वाढतो आणि मालकाचा कान त्याला हळूहळू सरावतो, त्यामुळे बदल प्रथम ध्यानात येतो तो शेजाऱ्याच्या!

दोन धोके विशेष सांगण्याजोगे. उतरताना पोटरी या नळाला टेकली तर चांगलाच चटका बसतो. या मंडळींत त्याला विनोदाने ‘सर्पदंश’ म्हणतात, कारण कोब्रा म्हणजे नागच. परंतु लहान मुलाच्या बाबतीत तो विनोद राहत नाही. नळावर छिद्रांचे संरक्षक आवरण लावणे हाच उपाय. दुसरा धोका अदृश्य आहे. उघड्या गाडीच्या काचेमागे वाऱ्यामुळे हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा पुढे ओढली जाते. नळाचे तोंड मागच्या चाकापुढेच संपत असल्याने, कापडी छत चढवून प्रवास करताना कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला ना रंग, ना वास. डोके जड होणे, मळमळणे ही त्याची पहिली सूचना. लांबच्या प्रवासात छताखाली एक लहानसा सूचक बसवणे हा भित्रेपणा नव्हे.

आवाजाच्या बाबतीत कायद्याचेही बोलणे आहे. ब्रिटनमध्ये घरी जुळवलेल्या गाडीला रस्त्यावर येण्यापूर्वी एकेकट्या गाडीसाठीची सरकारी परीक्षा द्यावी लागते. २००९ पासून ती आजच्या स्वरूपात घेतली जाते. तीत नळाच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात मापक ठेवून आवाज मोजतात आणि तो ९९ डेसिबलच्या आत असावा लागतो. डेसिबलचा हिशेब साधा बेरजेचा नाही. तीन डेसिबल वाढले, की ध्वनीची शक्ती दुप्पट होते. परीक्षेपुरती नळात जाळीची गुंडाळी घालावयाची आणि घरी येताच ती काढून टाकावयाची, असाही प्रकार घडतो. त्यात चातुर्य असेल. पण ज्या आळीत राहावयाचे, तिची झोप मोडून मिळवलेला नाद गोड कसा लागावा?

शेवटी येते ती जुळणी, ज्याला सर्वत्र ‘ट्यूनिंग’ म्हणतात. नवशिक्याचा हात सर्वांत आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो, कारण तो वर असतो आणि सहज फिरतो. तंबोरा बेसूर वाटला की अडाणी माणूस खुंट्या पिळीत सुटतो. जाणकार आधी घोडी आणि जवारी पाहतो. जवारी बिघडलेली असेल, तर खुंटी कितीही पिळली तरी तार बोलत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. आधी आठही सिलिंडरांचा दाब मोजावा; तो जवळजवळ सारखा असला पाहिजे. मग व्हॉल्व्हची जुळणी, मग ठिणगीची वेळ, मग एक्झॉस्टची गळती आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम मोडला, की एका दोषावर दुसऱ्या दोषाची ठिगळे लागत जातात.

ठिणगीच्या वेळेचे मर्म असे: मिश्रण जळण्यास अवधी लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर येण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. मिनिटास तीन हजार फेऱ्यांवर सेकंदाच्या एका सहस्रांशात क्रँकशाफ्ट अठरा अंश फिरतो, यावरून वेळेची किंमत कळते. या इंजिनात इंजिन मंद चालत असता दहा-बारा अंश आणि तीन हजारांच्या आसपास एकंदर चौतीस-छत्तीस अंश, हा सर्वसाधारण पल्ला. पण ज्या खुणेवर दिवा धरून हे पाहावयाचे, ती खूण पुढच्या कप्पीच्या बाहेरील कड्यावर असते. आणि ते कडे रबरावर बसवलेले असल्याने जुन्या इंजिनात जागचे सरकलेले असू शकते. म्हणून पिस्टनचा माथा स्वतंत्रपणे शोधून खूण खरी आहे की नाही, हे आधी ठरवावे. खोट्या खुणेवर केलेली अचूक जुळणी ही अचूक चूक ठरते.

मिश्रणासाठी पूर्वी स्पार्क प्लगचा रंग पाहत. आता नळ्या एकत्र येतात तेथे ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवून हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण चालत्या गाडीत वाचता येते. शुद्ध पेट्रोलाला पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते; पूर्ण जोरासाठी हे प्रमाण १२.५ ते १३ च्या दरम्यान ठेवतात. येथेच आधीच्या कामाची फळे दिसतात. जोडात गळती असेल, तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर ‘पेट्रोल कमी’ अशी खोटी साक्ष देतो आणि त्यावर विसंबून मालक पेट्रोल वाढवीत जातो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले. त्याला जळण्यास हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटांवर मिश्रण विरळ पडते, आणि जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होतात. तेव्हा पाच वर्षांपूर्वीची उत्तम जुळणी आजही उत्तमच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

या साऱ्या कामात सर्वांत मोलाचे हत्यार म्हणजे एक साधी वही. एका वेळी एकच बदल करावा, तो तारखेसह लिहावा, त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये गाडी पुन्हा चालवून पाहावी आणि फरक न पडल्यास पूर्वस्थितीवर यावे. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कधीच कळत नाही. हा संयम पुष्कळांना साधत नाही. परंतु ज्यांना साधतो, त्यांच्या वहीत काही वर्षांनी त्या गाडीचे असे चरित्र तयार होते, की जे कोणत्याही कारखान्याच्या पुस्तकात मिळणार नाही. कारण तशी गाडी जगात ती एकच असते.

आणि येथेच प्रतिकृतीला तिचा मान मिळतो. ‘ही खरी कोब्रा आहे काय?’ या प्रश्नाला प्रामाणिक मालक सरळ ‘नाही’ असे उत्तर देतो. चौकटीवरील क्रमांक खोटा करून ती अस्सल म्हणून खपवणे, ही फसवणूक. परंतु तिचा शाफ्ट खऱ्या कोनात फिरतो, तिची ठिणगी खऱ्या क्षणी पडते, तिच्या जोडांतून धूर गळत नाही आणि शेजारी बसलेले माणूस निर्धास्त असते, या गोष्टी नकली नसतात. पत्र्याची नक्कल होते, रंगाची होते, बोधचिन्हाचीही होते. नेमकेपणाची नक्कल होत नाही. तो असतो किंवा नसतो. सकाळी गॅरेजचे दार उघडून मालक इंजिन सुरू करतो. ती लंगडी लय दोन्ही कुशींतून स्वच्छ उमटते, तीत कोठे टिकटिक नाही, खरखर नाही. त्या नादात आकाराचा डौल कमी आणि राखलेल्या सांध्यांची ग्वाही अधिक असते.